क्लचमधली हवा

पांढरकवड्याच्या जिनिंग कारखान्यावर कापूस उतरवून मी आणि नवरा आमच्या पिकअपनं घरी निघालो होतो. दुपारचं थंडीतलं ऊन अंगाला बरं वाटत होतं. मागचा डाला रिकामा असल्यामुळे गाडी खडखडत, उड्या मारत चालली होती. हायवे सोडून आम्ही आमच्या मुकुटबनच्या रस्त्याला लागलो, आणि एका वळणावर नवऱ्यानं गिअर बदलायला क्लच दाबला तर त्याचा पाय थेट खालच्या पत्र्याला टेकला. त्यानं पाय उचलला. पेडल खालीच राहिलं.

"गेलं," तो म्हणाला.

"काय गेलं जी?"

"क्लच."

मी वाकून पाहिलं. तो चपलेच्या टोकानं पेडल खालून वर उचलत होता आणि पुन्हा दाबत होता. प्रत्येक वेळी ते चिखलात पाय रुतावा तसं सहज खाली जात होतं. गाडी मात्र चालूच होती, कारण ती गिअरमध्ये होती. थांबवली तर पुन्हा हलवायची कशी, हा प्रश्न.

"आता थांबवाचीच नाई," त्यानं ठरवलं.

पुढचं अंतर आम्ही न थांबता कापलं. मी खिडकीतून अर्धी बाहेर आणि नवरा कान इंजिनाच्या आवाजाला लावून. आवाज एका विशिष्ट जागी आला की तो क्लचशिवाय हलकेच गिअर सरकवायचा, आणि तो लोण्यात सुरी जावी तसा बसायचा. एवढी वर्षं मी त्याच्या शेजारी बसून आले होते, मांडीवर डबा धरून, पण त्याचा हात असा कधी नीट पाहिला नव्हता. एका गावाजवळ बकऱ्यांचा कळप रस्ता ओलांडत होता. मी ओरडले, "सरका जी, सरका! गाडी थांबत नाई!" बकऱ्यावाल्यानं घाबरून काठी आपटली, बकऱ्या दोन्हीकडे पांगल्या आणि आम्ही मधून निघून गेलो. ब्रेक चांगले होते, थांबता आलं असतं. पण तेवढं सगळं त्याला ओरडून सांगायला वेळ नव्हता. अंगणात गाडी शिरली तेव्हा नवऱ्यानं चावी फिरवून ती बंद केली. एक झटका बसला आणि आम्ही दोघं हसत सुटलो.

सासूबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणते, ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होत्या. हसण्याचं कारण कळल्यावर त्यांचा चेहरा पडला. त्याच आठवड्यात त्यांना थोरल्या बहिणीकडे न्यायचं ठरलं होतं. बहिणीचं गाव पांढरकवड्याच्या पुढं, जंगलातून फुटणाऱ्या रस्त्यावर. आत्याबाईंचे गुडघे एसटीची पायरी चढू देत नव्हते, आणि पिकअपची पुढची सीट त्यांना नीट जमायची, पायाखाली उलटं घमेलं ठेवलं की झालं. बहिणीसाठी मिरचीचं लोणचं त्यांनी बरणीत भरूनही ठेवलं होतं.

"आता केव्हा जाचं मंग?" त्यांनी विचारलं.

"जाऊ ना आई. करतो दुरुस्त," नवरा म्हणाला.

गाडी आमची जुनी. दुसऱ्याच्या हातून घेतलेली, रंग मूळचा पांढरा. तिचं सगळं काम पांढरकवड्याचे एक म्हातारे मिस्त्री करत आले होते. नवरा नेहमी त्यांच्या शेजारी उकिडवा बसून पाने-पकडी द्यायचा, त्यामुळे त्याला थोडंफार कळत होतं. त्यानं मिस्त्रींना फोन लावला. मिस्त्री आदिलाबादला लेकीकडे गेले होते, नातू झाला होता. फोनमधून तान्ह्या बाळाचं रडणं ऐकू येत होतं.

"भाऊ, तेल संपलं का डब्बीतलं?" मिस्त्रींनी विचारलं. नवऱ्यानं फोन माझ्या हातात दिला, मी तो स्पीकरवर धरला आणि त्यानं बॉनेट उघडून पाहिलं. क्लचच्या तेलाची डबी कोरडी ठणठणीत. मग तो गाडीखाली वाकला. गिअरबॉक्सच्या बाजूला लागलेला छोटा सिलिंडर ओला, धूळ बसून चिकट झालेला.

"तो खालचा गेला. वरचा पन बदलून टाका, सोबतचे हायेत दोनी. मी तर इकडंच हाये अजून. तुमी करू शकता भाऊ, कायले डरता? फक्त दुसरा मानूस पायजे. एक खाली, एक पेडलवर."

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी आत्याबाईंकडे पाहिलं. आत्याबाई म्हणाल्या, "मले नोका सांगू, माह्ये गुडघे."

दुसऱ्या दिवशी तो एसटीनं जाऊन सामान घेऊन आला. वरचा सिलिंडर, खालचा सिलिंडर, ब्रेक ऑइलच्या बाटल्या आणि मेडिकलमधून सलाईनची नळी, निघणारं तेल बाटलीत सोडायला. क्लचलाही ब्रेकचंच तेल लागतं, हे मला तेव्हा कळलं. ते कसं काम करतं हेही त्यानं मला ओट्यावर बसून समजावून सांगितलं. पाय पेडल दाबतो, पेडल वरच्या सिलिंडरमधलं तेल ढकलतं, ते तेल नळीतून खालच्या सिलिंडरमध्ये जातं आणि तो क्लचचा दांडा ढकलतो. मधे कुठं हवा राहिली तर पायाचा सगळा जोर हवा दाबण्यातच जातो. तेल दबत नाही, हवा दबते.

"म्हनून हवा काढाची," तो म्हणाला. "सारी."

चाकांना पुढून-मागून दगड लावले. खालचा सिलिंडर लवकर निघाला. वरच्यानं मात्र घाम काढला. तो पेडलच्या वरच्या अंगाला, डॅशबोर्डच्या आत, आणि त्याची पिन काढायला नवऱ्याला सीटवर पाय आणि पेडलापाशी डोकं असं उलटं व्हावं लागलं. त्याचे पाय दारातून बाहेर आले होते.

"याचे पाय वर काहून हायेत?" आत्याबाईंनी ओट्यावरून विचारलं.

"पिन काढून राह्यले."

"पायानं?"

आतून नवऱ्याचा हसण्याचा आणि मग डोकं आपटल्याचा आवाज आला. पिन निघाली. नवीन सिलिंडर दोन्ही जागी बसले, डबीत तेल ओतलं, आणि नवरा बारदाना पसरून गाडीखाली सरकला. मी ड्रायव्हरच्या सीटवर चढले.

त्या सीटवर मी पहिल्यांदाच बसत होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, दोन्ही मुली शिकून आपापल्या घरी गेल्या, गाडी कापसाला, तुरीला, लग्नाकार्याला सगळीकडे फिरली, पण माझी जागा डावीकडची. उजवीकडून अंगण वेगळंच दिसत होतं. विहिरीकडची वाट सरळ समोर, गोठा आरशात. मी उगाच आरसा नीट केला.

"दाब," खालून आवाज आला.

मी दाबलं. पेडल काही न लागल्यासारखं खाली गेलं.

"पाच-सहा डाव दाब-सोड, दाब-सोड कर अन् मंग दाबून धर. मी खालचा नट ढिला करतो. तेल न हवा बाहेर येईन. नट कसला की मंगच सोडजो. नट कसाच्या आदी सोडलं तर हवा परत अंदर जाते. समजलं?"

"समजलं."

समजलं होतंच. तरी चूक झाली. मी दाबून धरलं, खालून फुस्स आवाज आला, आणि नवरा म्हणाला, "हं."

मी पाय सोडला.

"सोडलं कायले!"

"तुमीच तर हं म्हनलं!"

"हं म्हंजे आलं म्हनलं, तेल आलं!"

"मले वाटलं सोड."

पुन्हा केलं. या वेळी त्यानं "हं हं" म्हटलं आणि मी धरून राहिले. त्याचा अर्थ सोड असा होता. तो खालून म्हणाला, "सोड ना आता, झोपली का?" तिसऱ्या वेळी त्यानं काहीच म्हटलं नाही, फक्त खाकरला, आणि मी पाय सोडला. पान्याचा आवाज आला, मग बारदान्यावरून सरकत त्याचं डोकं चाकाशेजारून बाहेर आलं. कपाळावर तेलाचा ओघळ.

"खाकरलो तरी सोडते काय वं?"

मला हसू आवरेना. तो आधी चिडलेला होता, मग तोही हसायला लागला. आमच्या घरात 'हं' या एका आवाजावर सगळा संसार चालत आलेला. चहा देऊ का, हं. पाऊस येईल का, हं. मुलीचा फोन आला होता, हं. मी त्या हंच्या चढउतारावरून सगळं ओळखायचे आणि मला वाटायचं मी कधी चुकत नाही. इथं मात्र आमच्यामध्ये गाडीचा पत्रा होता. चेहरा दिसत नव्हता.

तेव्हा आम्ही शब्द ठरवले. तो म्हणणार "दाब", मी दाबून झाल्यावर म्हणणार "दाबलं". तो नट उघडून, पुन्हा कसून म्हणणार "सोड", आणि मी म्हणणार "सोडलं". याशिवाय कुणी काही बोलायचं नाही, खाकरायचं नाही.

"दाब."

"दाबलं."

"सोड."

"सोडलं."

हे इतकं छान चाललं की मला वेळेचं भान राहिलं नाही. पायाखाली हळूहळू काहीतरी लागायला लागलं होतं. आधी कापसासारखं, मग उशीसारखं. खालून सलाईनच्या नळीतून बुडबुडे येत असल्याचं तो सांगत होता. शेजारची बाई पाण्याची कळशी घेऊन चालली होती, ती थबकली आणि काय चाललंय ते पाहत राहिली. दाब, दाबलं, सोड, सोडलं. तिला वाटलं असेल, यांना काय झालं?

आणि अचानक पायाखालची उशी गेली. पेडल पुन्हा पत्र्यावर.

डबी रिकामी झाली होती. आम्ही दोघंही आपापल्या कामात, तेल बाहेर काढतोय तर वरून टाकायलाही पाहिजे, हे कुणी पाहिलंच नव्हतं. सगळी हवा परत आत. नवरा गाडीखालून बाहेर आला आणि चाकाला पाठ लावून बसून राहिला. मीही उतरून त्याच्याजवळ जमिनीवर बसले. दमलो होतो, पण वाईट वाटत नव्हतं. त्याच्या पाठीला लागलेला बारदान्याचा भुसा मी झटकत राहिले.

आत्याबाई ओट्यावरून उतरल्या. त्या एकेक पाऊल टाकत आल्या आणि म्हणाल्या, "कोनती डब्बी? दाखव मले."

मी प्लास्टिकची खुर्ची आणून गाडीच्या पुढं ठेवली. नवऱ्यानं त्यांना डबीवरची रेघ दाखवली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांची नजर आमच्यापेक्षा बरी होती आणि ती दाखवायची संधी त्या शोधतच असत. बॉनेटखाली मान घालून, एका हातात तेलाची बाटली धरून, त्या देवळातल्या समईत तेल घालावं तशा सावरून उभ्या राहिल्या. गुडघे दुखले की खुर्चीवर बसायच्या आणि पुन्हा उठायच्या.

आता आम्ही तिघं झालो. खालून "दाब", माझं "दाबलं", "सोड", "सोडलं", आणि पुढून आत्याबाईंचं, "थांबा! खाली गेलं. टाकून राह्यली." त्यांच्या थांबा म्हणण्याला दोघंही थांबायचो. एकदा त्यांचा हात हलला आणि तेल मडगार्डवर सांडलं. त्या तेलानं रंग फुगतो हे नवऱ्याला माहीत होतं, तो खालूनच ओरडला, "पानी टाका, पानी!" मी धावत जाऊन बादली ओतली. तरी तळहाताएवढा रंग गेलाच.

"जुनीच हाये गाडी," आत्याबाई म्हणाल्या. "तिले काय लग्नाले उभी कराची हाये?"

बुडबुडे येणं बंद झालं. नळीत नुसतं स्वच्छ पिवळसर तेल. पण पेडल काही घट्ट होईना. अर्ध्यापर्यंत पोकळ आणि मग लागायचं. नवऱ्यानं गाडी सुरू करून गिअर टाकून पाहिला, कर्र आवाज आला. मिस्त्रींना पुन्हा फोन. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हवा काढाची निप्पल वरतं हाये का खालतं?"

नवऱ्यानं वाकून पाहिलं.

खालच्या सिलिंडरला दोन भोकं होती, एक वर, एक खाली. एकात तेलाची नळी, दुसऱ्यात हवा काढायची निप्पल, म्हणजे इतका वेळ ढिला करत होतो तो नट. त्यानं नळी वर लावली होती आणि निप्पल खाली.

"हवा तर वरतंच जाते ना भाऊ," मिस्त्री हसत म्हणाले. "खालून तेल निघून राह्यलं, हवा मजेत वरतं बसली हाये. अदलाबदल करा. अन् घाई नोका करू. निप्पल उघडी ठेवा, डब्बी भरेल ठेवा अन् चाय प्या. तेल आपल्या आपच उतरते. मंग भाभीले बसवा पेडलवर."

अदलाबदल केली. निप्पल उघडी ठेवून मी चहा मांडला. आम्ही तिघं गाडीशेजारी बसून चहा प्यायलो, आणि सलाईनच्या नळीतून थेंब थेंब तेल बाटलीत पडत होतं. कुणाच्या तरी वावरात मोटर चालू होती, तिचा आवाज येत होता. आत्याबाई मधून मधून उठून डबी पाहत होत्या आणि न विचारता सांगत होत्या, "हाये अजून."

चहानंतर मी पुन्हा सीटवर चढले. "दाब." मी दाबलं, आणि पहिल्याच झटक्यात खालून मोठा बुडबुडा गेला असं नवरा ओरडला. आणखी थोड्या वेळा केलं, आणि मग माझ्या पायाखाली ते आलं. पेडल वरूनच लागलं, थेट, भरीव, आणि पाय सोडला तसं माझ्या पायाच्या मागोमाग वर आलं.

"आलं!" मी म्हणाले. ठरलेल्या शब्दांत तो शब्द नव्हता, पण त्याला कळलं.

तो बाहेर आला, हात पुसत खिडकीपाशी उभा राहिला. मी उतरायला लागले तर म्हणाला, "बस. तूच टाक गिअर. तुया पायानंच तर झालं."

"मले येते का गाडी?"

"दाबता येते, सोडता येते. अजून काय पायजे? फक्त आता सोडाचं ते हळू."

त्यानं दगड काढले. मी चावी फिरवली, पेडल दाबलं आणि त्यानं दाखवलं तसा पहिला गिअर टाकला. कर्र झालं नाही. नवरा खिडकीची कड धरून सोबत चालत होता. मी पाय इतका हळू सोडला की मधे एका जागी गाडीनं दम धरल्यासारखं केलं. मागचा डाला किंचित थरथरला. ती जागा माझ्या पायाला आधीच ओळखीची वाटली, दिवसभर तेच तर चाललं होतं. आणि मग गाडी निघाली. अंगणातून, विहिरीच्या वाटेनं, चालत्या माणसाच्या वेगानं. आत्याबाई खुर्चीतून उठल्या आणि "अरे बाप्पा, अरे बाप्पा" म्हणत टाळ्या वाजवायला लागल्या. विहिरीपाशी मी थांबवली. मागं आणणं मला येत नव्हतं, ते नवऱ्यानं केलं.

दोन दिवसांनी तो आत्याबाईंना बहिणीकडे न्यायला निघाला, तर त्याच म्हणाल्या, "थांबू दे. हिले शिकू दे, मंग जाऊ." मला वाटलं त्या थट्टा करत आहेत. नव्हत्या. लोणचं तोवर मुरेल, असंही त्यांनी वर सांगितलं.

मग सोयाबीन निघून गेलेल्या वावरात आमची शिकवणी सुरू झाली. तिथं आपटायला काही नव्हतं. एक बाभूळ होती, तिच्याकडे मात्र गाडी का कोण जाणे सारखी ओढली जायची. नवरा शेजारी बसायचा, म्हणजे माझ्या जुन्या जागी, आणि दारावरचा दांडा घट्ट धरून ठेवायचा. तो चिडत नसे असं नाही. एकदा उतरून पायी घरी निघून गेला, आणि मी गाडी घेऊन त्याच्या मागं मागं हळूहळू गेले, तर त्याला थांबून हसावंच लागलं. शिकाऊ परवाना काढला. मागं घेणं सगळ्यात शेवटी आलं.

होळीच्या आधी आम्ही निघालो. मी चालवत होते, मधे आत्याबाई, कडेला नवरा. हायवेवर मोठे ट्रक अंगावरून गेल्यासारखे जायचे तेव्हा माझे हात घामेजत होते, पण जंगलाचा रस्ता लागला आणि बरं वाटलं. सागाची पानं गळून गेली होती, पळस पेटलेला होता. आत्याबाई मांडीवर बरणी धरून सगळ्या गावांची नावं सांगत होत्या, ज्यांच्या पाट्या लागत होत्या त्यांची आणि ज्यांच्या नव्हत्या त्यांचीही.

बहीण दारातच उभी होती. अंगानं आत्याबाईंपेक्षाही लहानशी, वाकलेली, पण आवाज खणखणीत. तिनं आधी गाडीकडे पाहिलं, मग उजवीकडून उतरणाऱ्या माझ्याकडे, मग डावीकडच्या दारातून आईला उतरवणाऱ्या भाच्याकडे.

"सुनंनं आनली गाडी?" तिनं विचारलं.

"त हो," आत्याबाई पदर सावरत म्हणाल्या. "थे तर कवाचीच चालवते."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो बरणी सांभाळण्यात गुंतल्यासारखं करत होता. बहिणीनं आम्हाला आत बसवलं, वांग्याचं भरीत आणि ज्वारीच्या गरम भाकरी समोर आल्या, आणि दोघी बहिणी एकाच ताटात जेवायला बसल्या. एकीचा घास दुसरी पाहत होती. जेवण झाल्यावर थोरलीनं धाकटीला हळूच विचारलेलं मला स्वयंपाकघरात ऐकू आलं, "मंग आता पुढल्या महिन्यात मले पन नेता का मुकुटबनले?"

"विचारते ना तिले," आत्याबाई म्हणाल्या.